डाव्या बाजूचा ब्रेक

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतो. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की पिंपळ, पांढरी साडी, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... हे सगळं आवाज बदलून मित्रांना वाचून दाखवायचो. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात अंगारे-धुपारे, उतारे, अंगात येणं सगळं बंद. त्यात माझा धंदा गाडीच्या वायरिंगचा. पुसदला दिग्रस रोडवर माझं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. गाडीत काहीही अचाट झालं तरी त्याला चारच कारणं असतात — फ्यूज, रिले, अर्थिंग नाहीतर उंदीर. इतक्या वर्षांत पाचवं कारण मला सापडलं नव्हतं.

तेव्हा माझ्यासारख्यानं इथं लिहायला बसावं याचीच आधी लाज वाटते. पण खरी लाज वेगळीच आहे, ती पुढं येईल. भीती मात्र अजिबात वाटत नाही, हे आधीच सांगतो.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी पुसद-नांदेड, पुसद-यवतमाळ अशी याच रस्त्यांवर झाली. रिटायर झाले आणि काचबिंदूनं चार वर्षांत दोन्ही डोळे गेले. मग आई गेली. ती होती तोवर आम्हा बापलेकांचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेल्यावर कळलं की आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नाही. गोळी घेतली का, जेवले का, पंखा लावू का — दिवसभरात एवढंच.

गाडीत मात्र बाबा बदलायचे. माझ्या डाव्या बाजूला बसायचे आणि डोळे नसताना सगळा रस्ता त्यांना कळायचा. "महागावचा चढ लागला," म्हणायचे. "पंच्याऐंशीच्या वर जाऊन राह्यला तू," म्हणायचे, आणि मी मीटर बघायचो तर सत्त्याऐंशी. समोरून कोणाचा हॉर्न आला किंवा मी वळणावर उशिरा ब्रेक मारला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथं पेडल नव्हतं, नुसतं मॅट होतं. ते मॅट त्या एकाच जागी झिजून पांढरं पडलं होतं.

मला त्या पायाचा राग यायचा. प्रत्येक दाबाला वाटायचं, हा माणूस मला सांगतोय की तुला गाडी येत नाही.

आता क्रूझ कंट्रोलचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. ते वरच्या मॉडेलला येतं. माझी गाडी खालच्या मॉडेलची, सेकंड हँड. मी किट मागवून स्वतः बसवलं. नागपूर-तुळजापूर हायवे चौपदरी झाल्यापासून आमच्याकडं याची फार हौस आहे. काम सोपं असतं. पूर्वीच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढून धरणारा हवेचा एक डबा असायचा. आता केबलच नसते. पेडलखाली सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर इंजिनाची हवा कमी-जास्त करतो. तुम्ही नव्वदला 'सेट' दाबलं की तो सारखा चाकाचा वेग बघत राहतो. चढावर वेग पडला की हवा वाढवतो, उतारावर वाढला की कमी करतो. तुमचा पाय मोकळा. ब्रेकला नाहीतर क्लचला पाय नुसता टेकला की सगळं रद्द होतं. स्टिअरिंगवर 'कॅन्सल'चं बटणही असतं, ते अंगठ्यानं दाबलं तरी तेच होतं.

हल्लीच्या महागड्या गाड्यांना रडार असतं. पुढं काही आलं की त्या स्वतःहून थांबतात. माझ्या गाडीत तसलं काहीही नाही. तिला फक्त स्वतःचा वेग कळतो, पुढं माणूस आहे की भिंत आहे हे कळत नाही. एवढं लक्षात ठेवा.

बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे गव्हर्नर. पिठाच्या गिरणीच्या इंजिनले असते तो. इंजिन जोरात पयालं की लोखंडाचे गोये बाहेर फाकतेत आन् तेल कमी करतेत. त्यात नवीन काय हाये?"

तत्त्व तेच आहे. पण मला बापाकडून बरोबर उत्तर नको होतं. मी कुठंतरी वाचलेलं सांगितलं, की हे गाडीत आणणारा अमेरिकेतला माणूस आंधळा होता. तो आपल्या वकिलाच्या गाडीत बसायचा. वकील बोलायला लागला की गाडी हळू व्हायची, गप्प झाला की पळायची. त्या हिसक्यांना वैतागून त्यानं हे शोधलं म्हणतात. "पाहा बाबा," मी म्हटलं, "आंधळ्याचंच काम हाये हे."

सुजातानं, माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघितलं. बाबा मात्र खुलले.

"मंग बरोबर हाये," ते म्हणाले. "डोयेवाल्याले हिसके कायले समजतेत? तो बाहेर पाहून राह्यला असते."

आता लाजेची गोष्ट.

एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी माझ्याकडं आली होती. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो, तो काढून टाकायचा होता. काढला आणि डोक्यात किडा वळवळला. माझ्या गाडीत बाबांच्या पायापाशी प्लायवूडची फळी टाकली, तिच्यावर ते पेडल दोन स्क्रूनं बसवलं. पेडल वर राहावं म्हणून खाली जुन्या सीटचा फोम कोंबला. ना तार, ना नळी. कशालाच जोडलेलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "तुमच्या साइडले भी ब्रेक लावला. शिकवनाऱ्या गाडीसारखा."

त्यांनी चप्पल काढून अनवाणी पायानं ते चाचपलं. टाचेनं अंतर घेतलं. मग सरळ होऊन बसले, एसटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे तसे. हे लिहिताना तो पाय डोळ्यांसमोर येतो.

पुढं खेळ असा चालायचा. हायवेला लागलो की मी क्रूझ लावायचो. बाबांनी पेडल दाबलं की अंगठ्यानं हळूच 'कॅन्सल' दाबायचो. गाडी मंदावायची. बाबा म्हणायचे, "हां... बस. जाऊ दे आता." मी 'रिझ्यूम' दाबायचो आणि गाडी परत नव्वदला. मागं माझा मित्र सचिन तोंडात रुमाल कोंबून हसायचा. मलाही हसू आवरायचं नाही. खोकल्याचं नाटक करायचो.

सचिननं त्याचा व्हिडिओ काढला. बाबा ताठ बसलेत, पाय दाबताहेत, माझा अंगठा बटणावर, मी कॅमेऱ्याकडं बघून डोळा मारतोय. तो ग्रुपवर मीच टाकला. सचिननं नाही, मी.

सुजातानं तो माझ्याच मोबाईलवर बघितला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ज्या मानसानं आयुष्यभर पन्नास-पन्नास लोकं सांभायून घरी पोचवले, त्याच्या पायाले हसून राह्यले तुमी."

मी म्हटलं, "अगं, त्यांनाच बरं वाटते ना." आणि ते खोटं नव्हतं, म्हणून मला ते पुरलंसुद्धा.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझी बहीण ढाणकीला दिलेली आहे, तिच्याकडं आम्ही दोघं गेलो होतो. जेवून दुपारी तीनच्या सुमारास निघालो. तिनं तुरीच्या शेंगांची पिशवी आणि डबा दिला होता, ते मी दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकवरच घट्ट कोंबून ठेवलं. उमरखेड सोडून महागावकडं निघालो. ऊन स्वच्छ, रस्ता मोकळा. दोन्हीकडं शेतात कापसाची वेचणी चालू होती. नव्वदला सेट केलं.

मला एक घाण सवय लागली होती. क्रूझ लागलं की चप्पल काढायची आणि उजवा पाय दुमडून डाव्या मांडीखाली घ्यायचा. घरात पाटावर बसल्यासारखं. आमच्याकडं क्रूझवाले निम्मे लोक असेच बसतात. मीच त्यांना किट बसवून देतो आणि मीच सांगतो, "आता मांडी घालून चालवा."

मोबाईल वाजला. ग्रुपवर कोणीतरी तोच व्हिडिओ गाणं लावून परत टाकला होता. मी डाव्या हातात मोबाईल घेतला. बाबा शेजारी बसलेत, आणि मी त्यांच्याच व्हिडिओला हसतोय... आवाज बंद करून.

किती सेकंद ते माहीत नाही.

गाडी एकदम पुढं वाकली. बेल्टनं छाती आवळली, मोबाईल हातातून उडून काचेवर आदळला. टायर किंचाळले. मग एक जोराचा हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. गाडी उभी.

बोनेटसमोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, एक बाई उभी होती. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं खाली पडून सुटलं होतं. तिच्या कमरेला मिठी मारून चार-पाच वर्षांची पोरगी. डिव्हायडर तोडून लोकांनी केलेल्या वाटेनं त्या रस्ता ओलांडत होत्या.

मला उतरायचं होतं, पण उतरता येईना. उजवा पाय अजून मांडीखालीच दुमडलेला होता आणि पार बधिर झाला होता. दोन्ही हातांनी उचलून तो बाहेर काढावा लागला. चप्पल मागं सीटखाली होती.

शेजारी बाबा. हात डॅशबोर्डवर, घामानं थबथबलेले. आणि उजवा पाय त्या पेडलवर, तळाशी दाबलेला. बाबा तो उचलतच नव्हते.

"कोन होतं रे?" त्यांनी विचारलं. "वाचलं का?"

"वाचले," म्हणालो, "बाई अन् पोरगी."

तेव्हा कुठं त्यांनी पाय उचलला.

मी लंगडत उतरलो. ती बाई जवळच्या तांड्यावरची होती, वेचणीवरून घरी निघालेली. तिनं आधी पोरीचं डोकं, हात, पाय चाचपले. मग माझ्याकडं न बघता ती बाबांच्या खिडकीशी गेली. काच खाली होती. तिनं आत हात घालून बाबांचा हात धरला.

"बाबा, तुमी पाह्यलं म्हनून माही नात वाचली," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू कोठी पाहून राह्यलता रे? मी तुह्या तोंडाकडं पाह्यलं. हसून राह्यलता तू. बाबा समोर पाहून राह्यले होते. तुह्यापेक्षा या म्हाताऱ्याची नजर चांगली हाये."

बाबांनी तिला सांगितलं नाही की त्यांना दिसत नाही. मीही सांगितलं नाही. खाली बसून तिचा कापूस गोळा करायला लागलो. पोरगी येऊन मला मदत करायला लागली.

मागं एक पिकअप थांबला होता. त्याचा ड्रायव्हर उतरून मला शिव्या घालत म्हणाला, "तुहे ब्रेक लाइट लागले म्हनून मी दाबला, नाईतर घुसलोच असतो." हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकलं. घरी पोचल्यावर ते डोक्यात पेटलं.

कारण ब्रेक लाइट पेडलच्या स्विचवर असतो. खरं पेडल, माझ्या बाजूचं, दाबलं गेल्याशिवाय तो लागत नाही. माझा पाय तर मांडीखाली होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सगळी गाडी उसवली. बाबांच्या बाजूचं ते पेडल उलटंपालटं करून बघितलं. दोन स्क्रू, फळी, फोम. खाली कसलीही तार नाही, माझ्या बाजूचं पेडल जिच्यानं दाबलं जाईल अशी वस्तू नाही. स्कॅनर लावला, एकही एरर नाही. किट काढून टेबलावर टेस्ट केलं, ठणठणीत. आणि किट बिघडलं तरी ते फक्त हवा कमी-जास्त करू शकतं, ब्रेक मारणं त्याच्या हातात नाही.

हँडब्रेक म्हणाल तर शेंगांची पिशवी आणि डबा त्याच्यावर होते तसेच होते. शिवाय त्यानं फक्त मागची चाकं धरतात, आणि मी परत जाऊन बघितलं तर रस्त्यावर चारही टायरच्या पुसट काळ्या रेषा होत्या. सचिन म्हणाला, "अबे, घाबरून डाव्या पायानं दाबला असशीन." ड्रायव्हरचा डावा पाय घाबरला की क्लचवर जातो. क्लच दाबला असता तर इंजिन बंद पडलं नसतं. आणि दाबायला आधी दिसायला पाहिजे ना! मला तर ती बाई गाडी थांबल्यावर दिसली.

बाबांनी कशावरून दाबलं, हाही प्रश्न आहेच. खिडकी उघडी होती, पोरगी ओरडली असेल, त्यांना ऐकू आलं असेल. तेवढं मी मानतो. पण त्यांनी दाबलं ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

व्हिडिओ मी डिलीट केला. पण तो किती जणांकडं गेला कोण जाणे. महिनाभर बाबांशी बोलायची हिंमत होत नव्हती. ते आता आलेल्या-गेलेल्याला सांगायचे, "प्रशांतनं माह्या साइडले ब्रेक लावला म्हनून निभावलं." माझं कौतुक करायचे हो! लोक माझी पाठ थोपटायचे. सुजाता त्या वेळी उठून आत जायची.

एका रविवारी दुपारी बाबा ओट्यावर बसले होते. मी जाऊन पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पेडल खोटं होतं. मी अंगठ्यानं बटण दाबत होतो. आम्ही हसत होतो. व्हिडिओ काढला, तो मीच पाठवला. त्या दिवशीसुद्धा तोच बघत होतो. सांगताना मला रडू आलं, ते त्यांना आवाजावरून कळलं असणार.

बाबा म्हणाले, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ब्रेक खोटा हाये म्हनून. पह्यल्याच दिवशी समजलं. ब्रेकचं पेडल पायाले वापस ढकलते रे. तितकी जोराची गाडी हाये, तिचा जोर पायाले लागते. हे नुसतं गादीवानी दबत होतं. आन् तू बटन दाबला की टिक करून आवाज यायचा."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मंग दाबत कायले होते, बाबा?"

"तू हसत होता ना," ते म्हणाले. "खोकलून हसायचा, तरी समजायचं. तुही माय गेल्यापासून माह्याजवय बसून कधी हसला होता तू? म्हनलं, चालू द्या. व्हिडिओचं माहीत नोतं मले." शेवटी म्हणाले, "तो नोता पाठवाले पाह्यजे."

एवढंच. एवढंच बोलले त्याबद्दल. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी विचारलं, "आन् लोकायले सांगता ते, मी ब्रेक लावला म्हनून? तुमाले त माहीत होतं खोटा हाये."

बाबांनी उजवा पाय ओट्यावरून थोडा खाली सोडला आणि हवेत पंजा हळूच दाबला, आठवून बघितल्यासारखा.

"ते मी खोटं नाई सांगत," ते म्हणाले. "त्या दिवशी त्यानं पाय वापस ढकलला."

आजोबांच्या, बाबांच्या घरात वाढलेला मी, आजही भूत-प्रेत मानत नाही, आणि यात भूत कुठलं म्हणायचं तेही कळत नाही. कोणा जाणकाराला कारण सापडलं तर जरूर कळवा, मी गाडी दाखवायला तयार आहे. क्रूझचं किट मी काढून टाकलंय. दुकानातही आता बसवून देत नाही.

ते पेडल काढायला तीनदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो, काढलं नाही. बाबा गाडीत बसले की अजून चप्पल काढून पाय त्याच्यावर ठेवतात. मी हसत नाही, तर परवा म्हणाले, "हसत जा रे, त्याचं काही नाई." दुकान उघडायच्या आधी मी रोज एकदा खाली वाकून ते हातानं दाबून बघतो. फोमवर ते सैल खाली जातं. माझ्या हाताला काहीच वापस ढकलत नाही.